हवालदार रोकडे यांची रजा

कोंडू लडकू रोकडे हे पूर्ण नाव भिवंडीत फार कुणाला ठाऊक नव्हतं. बँकेतले जुने लोक त्यांना हवालदार म्हणायचे, बिल्डिंगमधली माणसं मिलिट्रीवाले चाचा म्हणायची आणि घरात ते सगळ्यांचे आबा होते. त्र्याऐंशी वर्षं जगले. त्यातली सतरा वर्षं महार रेजिमेंटमध्ये गेली, एकवीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसण्यात गेली आणि शेवटची जवळजवळ दोन वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेली. त्या खोल्यांना बाहेरून कुलूप असायचं. ते रोज सकाळी त्यांची सून रीमा लावायची.

रीमा पंचवीस वर्षांपूर्वी शहापूरकडून या घरात आली. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिला टायफॉईड झाला. तेव्हा सासूबाई शांताबाई माहेरी गेलेल्या. आबांनी तिला पेज करून दिली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि तिचे कपडेसुद्धा धुऊन वाळत टाकले. तिला लाजेनं मेल्यासारखं झालं. आबा म्हणाले, फौजेत आजारी माणसाचं सगळंच करावं लागतं, त्यात सून-बीन काही नसतं. त्या दिवसापासून सासऱ्यांविषयी कुणी वाकडं बोललं की रीमाला सहन होत नसे.

पण आबांची माया अंगावर येणारी होती, हेही खरं. दिवेलागणीला घरातलं प्रत्येक माणूस घरात हवं असायचं. ते जेवायच्या आधी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवत, ओठांतल्या ओठांत माणसं मोजत. मुलगी धम्मदिना नाशिकला नर्स म्हणून लागली तेव्हा दोन महिने ते तिच्याशी बोलले नव्हते. मुलगा रवींद्र कापडाच्या लूमवर इलेक्ट्रिशियन होता. त्याला ऐन पंचविशीत मस्कतच्या नोकरीचं पत्र आलं. आबांनी त्याचा पासपोर्ट आपल्या पेटीत ठेवला आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त म्हणाले की या घरातलं कुणी लांब जाणार नाही. पत्राची मुदत टळून गेल्यावर पासपोर्ट परत दिला. रवींद्रनं तो घेतला, पण मस्कतचं नाव पुन्हा काढलं नाही. तो अजून त्याच लूमच्या वायरी जोडतो.

आबा असे का, हे कुणी विचारलं नाही. फौजेत माणूस कडक होतो, असंच सगळ्यांनी धरलं.

शांताबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा आबा एकाहत्तर वर्षांचे होते. चार वर्षं त्यांनी बायकोला आंघोळ घातली, वेणी घातली, घास भरवला. रीमानं हात पुढे केला की म्हणत, ही माझी ड्युटी आहे. त्या चार वर्षांत ते भाजी आणायला कोपऱ्यापर्यंत जायचे, तेही धावत. शांताबाई गेल्या आणि आबांना करण्यासारखं काही उरलं नाही. मग ते चालायला लागले. सकाळी शेलारपर्यंत जायचे, नदीनाक्याला चहा प्यायचे आणि बाराच्या आत परत यायचे. अशी पाच-सहा वर्षं बरी गेली.

मग एके दिवशी ते बारापर्यंत आले नाहीत. शेलारच्या एका किराणावाल्यानं फोन केला. दुसऱ्या वेळी ते गणेशपुरीला सापडले. एसटीच्या कंडक्टरनं त्यांना आश्रमाच्या बाहेर झाडाखाली बसवून ठेवलं होतं. खिशात तिकीट वज्रेश्वरीचं होतं आणि तिथं का आलो हे त्यांना सांगता येत नव्हतं. तिसऱ्या वेळी ते नाशिक हायवेवर, कंटेनरच्या रांगेतून, दुभाजकाच्या कडेनं चालताना दिसले. रवींद्रच्या ओळखीच्या ड्रायव्हरनं त्यांना ओढून कडेला घेतलं, म्हणून वाचले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की याला औषध असं नाही, माणूस पाहिजे सोबत. पण माणूस कुठून आणायचा. रीमा माणकोलीकडच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती, सकाळी आठ ते साडेचार. रवींद्रची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. दोघांची मुलगी मेघाली लग्न होऊन कल्याणला. दिवसभराची बाई ठेवून पाहिली, ती चौथ्या दिवशी यायची थांबली. शेवटी रवींद्रनं बाहेरच्या जाळीच्या दाराला कोयंडा बसवला. आतलं लाकडी दार उघडं ठेवायचं, म्हणजे वारा येईल, समोर दिसेल. जाळीचं दार तेवढं बंद. गॅसचा नळ बंद, जेवण झाकून टेबलावर. थोडेच दिवस, असं रवींद्र म्हणाला. कुलूप लावायला मात्र तो कधी थांबला नाही. पहिल्या पाळीला असला तरी आणि दुसऱ्या पाळीचा झोपलेला असला तरी ते काम रीमाकडेच आलं.

पहिले काही दिवस आबा जाळीच्या आत खुर्ची टाकून बसत आणि जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करत. समोरच्या अन्सारीबाई त्यांना जाळीच्या चौकोनातून चहाचा ग्लास देत. खाली लूम चालू असायचे, जमीन बारीक थरथरत असायची. रीमाला वाटलं, जमतंय.

मग एका सकाळी ती कुलूप लावत असताना आबा जाळीपाशी ताठ उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "साब, मेरी छुट्टी मंजूर हुई क्या?"

तिला आधी गंमत वाटली. म्हणाली, "आबा, मी रीमा."

आबांचा चेहरा पडला. त्यांनी दोन्ही हातांनी जाळी धरली. ती जिना उतरेपर्यंत जाळी हलल्याचा आवाज येत राहिला. साडेचारनंतर ती परतली तेव्हा अन्सारीबाई दारातच उभ्या होत्या. चाचा दिवसभर रडत होते, त्यांनी सांगितलं, चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आबांनी विचारलं तेव्हा रीमाची रिक्षा खाली उभी होती आणि लेट मार्क लागायला दहा मिनिटं होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "सोमवार को."

आबांनी खाडकन टाचा जुळवल्या. "जी, साब." मग मागे सरून खुर्चीवर बसले आणि शांत झाले.

तेव्हापासून रोज तेच चालू झालं. त्यांना वार कळत नव्हते, त्यामुळे त्यांचा सोमवार कधी उजाडतच नव्हता. रोज सकाळी ते रजा मागत आणि रोज सकाळी रीमा त्यांना सोमवारचा वायदा करून कुलूप लावत असे. गोडाऊनमध्ये खोक्यांवर चिकटपट्टी ओढताना तिला मध्येच त्यांचं "जी, साब" ऐकू यायचं आणि हात थांबायचा. सुपरवायझर ओरडला की पुन्हा चालू. एकदा तिनं अन्सारीबाईंपाशी मन मोकळं केलं. म्हणाली, मला पाप लागेल. अन्सारीबाईंनी विचार करून सांगितलं, "तू झूठ बोल के जाती है तो चुप बैठते हैं. सच बोलती है तो रोते हैं. झूठ ही बोल दे, बेटी."

आबा रजा मागतात हे रवींद्रला सांगितलं तर तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, जुनं काहीतरी डोक्यात बसतं. धम्मदिना फोनवर गोळ्यांची नावं विचारत राहिली. रजा घेऊन आबांना कुठं जायचंय, हे कुणालाच माहीत नव्हतं. रीमानं एकदा अधिकाऱ्याच्याच आवाजात त्यांना विचारलं. "कहाँ जाना है, रोकडे?" आबा म्हणाले, "खारबाव, साब. घर." खारबाव म्हणजे त्यांचं जन्मगाव, भिवंडीपासून रिक्षानं अर्ध्या तासावर. तिथलं घर पडून जमाना झाला होता.

असं सव्वा वर्ष गेलं. जानेवारीतल्या एका गुरुवारी रीमाला सुट्टी होती. रवींद्र पहिल्या पाळीला गेलेला. ती उजाडल्यावर उठली तर आबा बंद दारासमोर उभे होते. अंगात जुना कोट, पायात बूट, हातात कापडी पिशवी. पिशवीत एक टॉवेल आणि दाढीचं सामान. रवींद्र पाचला निघताना तिला झोपेतच सांगून गेला होता, आबा उभेच आहेत, बस म्हटलं तरी बसत नाहीत. त्यांच्या पॅंटचा पाय ओला होता आणि फरशीवर थारोळं होतं. त्यांना कळलं नव्हतं असं नाही. ते खालच्या आवाजात म्हणाले, "माफी, साब. लाइन छोडके जा नहीं सका."

रीमानं त्यांचे कपडे बदलले, फरशी पुसली. पुसता पुसता तिच्या मनात काहीतरी तुटलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "छुट्टी मंजूर है. चलो."

रवींद्रला फोन करावा असं तिला वाटलं आणि केला नाही. तो नको म्हणाला असता.

अंजूरफाट्यावरून रिक्षा निघाली. रस्त्याला दोन्हीकडे गोडाऊनच गोडाऊन, मध्येच एखादं भाताचं शेत, सोडून दिल्यासारखं. आबा पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसले होते. खारबाव आलं तसे ते डावीकडे हात करू लागले, मग उजवीकडे. रिक्षावाल्यानं तिसऱ्यांदा वळण घेतलं आणि वैतागून थांबला. बौद्धवाडीतल्या नव्या मुलांना कोंडू रोकडे माहीत नव्हते. एका बाईनं सांगितलं की जुन्यातलं जुनं माणूस म्हणजे केसरीनाथ, आगरी आळीत, जुन्या तळ्याच्या वरच्या अंगाला.

केसरीनाथ ओट्यावर ऊन खात बसले होते. आबांच्याच वयाचे, अंगात बंडी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. रीमानं नाव सांगितल्यावर ते हळूहळू उठले, आबांच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेला आणि म्हणाले, "कोंडू हायेस व्हय? कवा आलास?"

आबांनी त्यांना ओळखलं. गेल्या वर्षभरात त्यांनी पोटच्या पोराला ओळखलं नव्हतं, पण केसरीनाथना त्यांनी बघताक्षणी ओळखलं. त्यांचा हात धरून ते ओट्यावर बसले आणि विचारलं, "केशा, पोर कसा हाय माजा?"

रीमाला वाटलं, रवींद्रबद्दल विचारतायत. ती सांगणार होती की बरे आहेत, कामावर गेलेत. पण केसरीनाथांच्या तोंडाकडे बघून ती गप्प बसली. त्यांची सून पाणी घेऊन आली, तिला त्यांनी हातानंच आत जायला सांगितलं.

"कोंडू," ते म्हणाले, "पोर न्हाय रं ऱ्हायला. डिसेंबरातच गेला. ताप आलता. मी आन् तुजा बाप, दोघांनी त्याला माती दिली."

आबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. तसा आवाज रीमानं कधी ऐकला नव्हता, शांताबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही. ते केसरीनाथांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले, लहान मूल रडतं तसे, श्वास अडकून. केसरीनाथ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि स्वतःचे डोळे बंडीला पुसत होते.

पुढचं सगळं केसरीनाथांनी रीमाला सांगितलं, आबांचा हात न सोडता. एकाहत्तर सालच्या श्रावणात शांताबाईंना पहिला मुलगा झाला. कोंडू तेव्हा सरहद्दीवर. नोव्हेंबरात त्याची रजा मंजूर झाली होती, तो येऊन बारसं करणार म्हणून पोराला नाव ठेवलं नव्हतं. मग लढाईची चिन्हं दिसायला लागली आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. डिसेंबरात पोर तापानं फणफणलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. वाडीतली बरीच माणसं तेव्हा मुंबईला कामाला होती, म्हणून लडकूबाबा, म्हणजे कोंडूचे वडील, आणि केसरीनाथ दोघंच तळ्याच्या काठी गेले. आगरी असून वाडीतलं मूल उचललं, त्यावरून केसरीनाथांच्या घरात चार दिवस कुणी त्यांच्याशी धड बोललं नव्हतं. शांताबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं की तिकडे कळवायचं नाही. तो गोळीबारात आहे, त्याचं चित्त हलायला नको. त्यामुळे लढाई संपून फेब्रुवारीत कोंडू स्टेशनवरून चालत आला तेव्हा त्याला काही माहीत नव्हतं. ट्रंकेत जम्मूहून घेतलेलं लोकरीचं टोपडं होतं.

"तवा रडला न्हाय ह्यो," केसरीनाथ म्हणाले. "मी समोर होतो. टोपडं बायकोच्या हातात दिलं आन् बाजूला जाऊन बसला. मंग कुणी त्यो विषयच काढला न्हाय."

रीमाला आपण काय करून बसलो ते कळेना. तिला केसरीनाथांचा राग आला. खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं, बरा आहे म्हणाले असते. मी नाही का सव्वा वर्ष बोलले. तिनं ते बोलून दाखवलं. केसरीनाथांनी मान हलवली. म्हणाले, पोराला मी माझ्या हातांनी खाली ठेवलंय, त्याच्या बापाला मी खोटं कसं सांगू.

परतीच्या वाटेवर आबा खाली मान घालून बसले होते. अंजूरफाटा आला तेव्हा त्यांनी मान वर केली, तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "रीमा, शांतानं एकटीनं सोसलं गं."

वर्षभरात पहिल्यांदाच त्यांनी तिला नावानं हाक मारली होती. तिनं त्यांचा हात धरला. घरी पोहोचेपर्यंत ते नाव पुन्हा विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप लावताना ती उत्तर तयार ठेवून उभी होती. आबांनी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी कधीच रजा मागितली नाही. ते जाळीपाशीही येईनात. खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवत आणि भिंतीकडे बघत बसत. अन्सारीबाईंचा चहा जाळीत गार व्हायचा. आता खरं तर कुलपाची गरजही नव्हती, दार सताड उघडं ठेवलं असतं तरी ते बाहेर पडले नसते. तरी रीमा कुलूप लावतच राहिली. हायवेवरचे कंटेनर तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

त्यांचं आतलं दुखणं निचरून गेलं, की ती वाट बघणंच त्यांना उभं ठेवत होतं आणि तिनं ते काढून घेतलं, हा प्रश्न तिला रोज छळायचा. एका दिवशी वाटायचं, बरं झालं, एकदाचं रडून तरी झालं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटातलं न संपलेलं जेवण डब्यात काढताना वाटायचं, मी मारतेय यांना. हे कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती. रवींद्रला विचारल्याशिवाय ती आबांना घेऊन गेली होती, आणि त्याला सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. तुला एक मोठा भाऊ होता, हेही. खारबावचं नाव ती महिनोन् महिने गिळून राहिली. कधी कधी तो जेवताना म्हणायचा, आबा आता किती शांत झालेत, गोळ्या लागू पडल्या. ती पोळी वाढायला उठायची.

जुलैत आबांनी अंथरूण धरलं. रीमानं काम सोडलं. ज्या घरात त्यांना कोंडून ती जात होती, तिथं आता तीही दिवसभर होती. कूस बदलणं, पावडर लावणं, चमच्यानं पाणी. दुपारी लूम दणदणत असत आणि ती त्यांच्या उशाशी बसून राहायची. बाजारात जाऊन यावं म्हटलं तरी अन्सारीबाईंना बसवून पळत जाऊन पळत यायचं. सप्टेंबरात एका सकाळी, ती त्यांचं तोंड पुसत असताना, आबांचा श्वास थांबला.

माजी सैनिकांच्या संघटनेची माणसं आली. त्यांनी तिरंगा आणला, पुष्पचक्र वाहिलं, बिल्डिंगच्या आवारात सलामी दिली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्रिशरण-पंचशील झाल्यावर एकेक जण बोलायला उठला. दोन लढाया, बँकेतली सचोटी, बायकोची सेवा. एक गृहस्थ म्हणाले की आजकाल म्हातारी माणसं वृद्धाश्रमात जातात, पण हवालदारांना सुनेनं फुलासारखं जपलं. सगळ्यांनी वळून रीमाकडे बघितलं. तिला मान वर करता आली नाही. बायकांना वाटलं, रडतेय. मेघालीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पाहुणे पांगल्यावर, चौथ्या दिवशी, भाजी निवडता निवडता तिनं रवींद्रला सांगितलं. सोमवारच्या वायद्यापासून केसरीनाथांच्या ओट्यापर्यंत, सगळं. तो ऐकत होता. मध्येच त्यानं एक प्रश्न विचारला, नाव काय होतं त्याचं. तिनं सांगितलं की ठेवलंच नव्हतं. मग तो उठून गॅलरीत गेला. दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. आई-आबांनी भावाचं लपवलं म्हणून, की तिनं आठ महिने लपवलं म्हणून, की आबांना तिच्यापुढे रडता आलं आणि त्याच्यापुढे कधीच नाही म्हणून, हे तिला समजलं नाही. तिनं विचारलंही नाही.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी त्यानं जेवून शर्ट घातला आणि म्हणाला, "मी जाऊन येतो खारबावला. येतेस?"

"तुम्ही जा," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती आडवी झाली. कुणाचा आवाज येतो का म्हणून दोनदा दचकून उठली. मग लागली झोप. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि रवींद्र चपला काढत होता. तिनं चहा टाकला. तो ओट्याला टेकून उभा राहिला. केसरीनाथांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही म्हणाला, सुकटीचं कालवण आणि भात. नंतर काठी टेकत टेकत ते त्याला जागा दाखवायला घेऊन गेले.

"तळं बुजवलंय," रवींद्र म्हणाला. "कुंपण घातलंय. आत काँक्रीट केलंय, ट्रक लावतात तिथं."

"आत जाऊ दिलं?"

"नाही. वॉचमन म्हणाला, पास लागतो." त्यानं चहाचा कप हातात घेतला. "बाहेरूनच बघितलं. तीन ट्रक उभे होते. केसरीनाथकाका म्हणाले मधल्याच्या खाली. मला काही त्यांचा अंदाज बरोबर वाटला नाही."

तो चहा प्यायला आणि कप विसळून पालथा घातला. रीमा भाताला आधण ठेवायला उठली.